ब्रेक कधी लागतो, कधी बुडतो



एरवी मी तुमच्याशी मोसंबीचा बहार किंवा कपाशीची फवारणी अशा विषयांवर बोलतो. आज अंगणातल्या जुन्या गाडीविषयी बोलणार आहे. आपल्या तीर्थपुरी भागात जुन्या जीपा अजून दिसतात. त्यांतून खताची पोती जातात, बाजारचा माल जातो आणि लग्नकार्याला घरची मंडळीही जातात. म्हणूनच हे सांगणे.

आमच्याकडेही अशी एक जीप आहे. गळिताच्या हंगामात एकदा घरच्यांना घेऊन अंबडहून परतत होतो. पुढे उसाची बैलगाडी होती. मी लांबूनच हलका ब्रेक दाबला, तर पेडल सरळ खाली गेले! घाबरून पाय उचलला, जोराने पुन्हा दाबला, तेव्हा ब्रेक लागला. बैलगाडी हातभर अंतरावर राहिली. घरी येऊन दहा वेळा दाबून पाहिले, दहाही वेळा ब्रेक नीट लागला. मेस्त्री म्हणाले, "हवा धरली असेल." त्यांनी हवा काढली. आठ दिवस सारे ठीक होते, नवव्या दिवशी पेडल पुन्हा बुडाले. दोष मुळी रोज दिसणारा नव्हताच, म्हणून दुरुस्ती झाली असे आम्हाला वाटले, इतकेच.

ब्रेक चालतो कसा?

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलेंडरमधले ब्रेक ऑइल नळीवाटे चारही चाकांकडे रेटले जाते आणि ब्रेक शू ड्रमला घट्ट बसतात. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांचा नियम इथे कामाला येतो. द्रव दबत नाही, हवा मात्र दबते. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटार फिरते पण पाणी येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नळीत हवा शिरली की ब्रेकचेही तसेच होते. पाय दाबतो, पण जोर चाकापर्यंत पोचत नाही.

दोष ओळखावा कसा?

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि पुढील गोष्टी पाहा.

१. पेडल पहिल्यांदा स्पंजासारखे लागते आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होते का? मग हवा शिरली असावी. पेडल खूप खाली जाते, पण तिथे घट्टच लागते, असे असेल तर बहुधा लायनर झिजले आहेत किंवा शू सैल आहेत.

२. पेडल हलके दाबून मिनिटभर धरा, मग जोराने दाबून धरा. पाय हळूहळू खाली जातो, पण टाकीतले ऑइल कमी होत नाही आणि गळतीही दिसत नाही, तर मास्टर सिलेंडरचे रबर गेले समजा.

३. सकाळी ब्रेक चांगला असतो, पण भरल्या गाडीने लांब गेल्यावर मऊ पडतो का? मग ऑइल जुने झाले आहे किंवा एखादे चाक धरून तापते आहे. ड्रमला हात लावू नका, तळहात जवळ नेऊन अंदाज घ्या.

४. टाकीतले ऑइल कमी होत असेल तर गळती आहे. टायरची आतली बाजू आणि मास्टर सिलेंडरची खालची बाजू ओली आहे का ते पाहा.

५. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने चाकाजवळच्या रबरी नळ्या पाहाव्यात. नळी फुगत असेल तर ती बदला.

आमच्या जीपचा दोष दुसऱ्या कसोटीला सापडला. मी खाली वाकून नळ्या पाहत होतो, सौ. पेडलवर पाय ठेवून बसली होती. ती म्हणाली, "अहो, मी जोर लावत नाही, तरी पाय खाली चाललाय." तिथेच उलगडा झाला. झिजलेले रबर जोराने दाबल्यास भिंतीला चिकटते आणि ऑइल अडवते. हलक्या दाबाला मात्र ऑइल त्याच्या कडेने परत टाकीकडे निसटते. सिलेंडर उघडला तर आत गंजाचे खड्डे होते. नुसते रबर बदलून भागले नसते, सिलेंडरच नवा बसवावा लागला.

ऑइलही शिळे होते

हा गंज आला कुठून? पावसाळ्यात युरियाचे पोते उघडे राहिले तर काय होते? हवेतला ओलावा ओढून त्याचे ढेकूळ होते. ब्रेक ऑइलही तसाच ओलावा ओढते. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. तापलेल्या चाकाजवळ ऑइल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून दर दोन वर्षांनी सर्व ऑइल बदलावे. नवे ऑइल बंद डब्यातलेच घ्यावे. त्यात डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल थेंबभरही पडू देऊ नये. त्याने रबर फुगते आणि सर्व रबरे बदलावी लागतात.

हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. टाकी रिकामी होऊ देऊ नये. निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये.

जुन्या जीपांत चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग असतो. एका जागी बिघडले की चारही चाकांचा ब्रेक जातो. वाटेत तसे झालेच तर पेडल भराभर दाबा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बेताने ओढा. गाडी न्यूट्रल करू नका.

बंधू-भगिनींनो, एकदा बुडून आपोआप बरा झालेला ब्रेक बरा झालेला नसतो. पेडल कधी बुडाले, हलक्या दाबाला की जोराच्या, थंड गाडीत की तापलेल्या, हे लिहून ठेवा आणि मेस्त्रींना सांगा. दोष सापडेपर्यंत त्या गाडीत मुलाबाळांना बसवू नका.