हायडनची ‘निरोपाची सिम्फनी’ आणि परमुलखातील आपण

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सिम्फनी हा प्रकार आपल्या समाजातील पुष्कळांना दुरूनच नमस्कार करण्याजोगा वाटतो. आपले कान एलियाहू हन्नाबीच्या स्तवनावर, कीर्तनातील आख्यानांवर आणि मराठी नाट्यपदांवर घडलेले. ज्यात शब्द नाहीत, गायक नाही आणि वीस-पंचवीस माणसे एकदम वाजवीत आहेत, त्यात आपण काय शोधावे, असा प्रश्न पडतो. परंतु एक सिम्फनी अशी आहे की तिचा विषय अमिरातीत पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नोकरीच्या गावी अडकलेली माणसे आणि दूर राहिलेली त्यांची बायकामुले, हाच तो विषय होय.

या सिम्फनीचा कर्ता योझेफ हायडन (१७३२–१८०९). त्याच्या नावावर शंभराहून अधिक सिम्फनी आहेत आणि हा प्रकार घडविण्यात त्याचा वाटा इतका मोठा आहे की त्याला सिम्फनीचा जनक म्हणण्याची प्रथा पडली. आयुष्याची उमेदीची वर्षे त्याने हंगेरीतील एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत काढली. दरबारी वादकांचा तो प्रमुख होता. पण तोही चाकरच, धन्याच्या घरचा गणवेश घालणारा.

प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी याने दलदलीच्या ओसाड मुलखात एस्टरहाझा नावाचा भव्य प्रासाद बांधला. वादकांची बिऱ्हाडे आयझेनश्टाट या गावी होती. नव्या प्रासादात जागा अपुरी होती, म्हणून १७७२ च्या जानेवारीत हुकूम निघाला की वादकांच्या बायकामुलांना तेथे चोवीस तासही राहता येणार नाही. या हुकुमातून मोजक्याच लोकांना सूट होती. त्यांत स्वतः हायडन होता, पहिला व्हायोलिनवादक लुईजी तोमासिनी होता आणि दोन गायक होते. वाचकांनी ही सूट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

त्या वर्षी प्रिन्सचा मुक्काम नेहमीपेक्षा लांबला. शरद ऋतू आला तरी परतण्याचे चिन्ह दिसेना. वादक कासावीस झाले आणि त्यांनी आपले गाऱ्हाणे हायडनकडे नेले. अर्ज करावा तर धन्याचा रोष, गप्प बसावे तर घरच्यांचा. हायडनने अर्ज लिहिला नाही. त्याने सिम्फनी लिहिली. ही हकीकत त्याने म्हातारपणी आपल्या चरित्रकारांना सांगितली आणि ती तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे.

आता ही सिम्फनी ऐकावी कशी ते पाहू. हायडनच्या यादीत हिचा क्रमांक ४५ आणि ती चार भागांची आहे. त्या काळात क्वचितच वापरल्या जाणाऱ्या एका उदास स्वरपट्टीत ती बांधली आहे. पहिल्या भागातच एक बेचैनी, एक धग जाणवते. शेवटचा भाग रिवाजाप्रमाणे वेगाने सुरू होतो. आता जोरदार शेवट होणार असे वाटत असतानाच संगीत मध्येच थबकते. क्षणभर शांतता होते आणि एक संथ, मृदू चाल सुरू होते. जलद शेवटाऐवजी संथ शेवट हेच त्या काळी नवल होते. पण खरे नवल पुढे घडते. एक ओबो आणि एक हॉर्न आपापला छोटा तुकडा वाजवितात आणि थांबतात. वादक आपल्यासमोरची मेणबत्ती विझवितात, वाद्य उचलतात आणि निघून जातात. मग बसून, मग दुसरा ओबो आणि दुसरा हॉर्न, मग मोठे खर्जाचे तंतुवाद्य, मग चेलो, मग इतर व्हायोलिने, मग व्हिओला. प्रत्येकाचा आवाज जातो आणि प्रत्येकाचा दिवा जातो. अखेरीस उरतात ती फक्त दोन व्हायोलिने, तीही आवाज दबवून, जवळजवळ कुजबुजल्यासारखी. ती दोन तोमासिनी आणि हायडन यांची होती असे सांगतात. मग तीही थांबतात. प्रिन्स समजायचे ते समजला आणि दुसऱ्याच दिवशी दरबार परत निघाला.

येथे ध्वनिमुद्रण आणि प्रत्यक्ष वादन यांतील फरक स्पष्ट होतो. तबकडीवर किंवा आजच्या मोबाइलवर आपल्याला कोणी उठून जाताना दिसत नाही; आवाज विरळ होत गेल्याचे तेवढे कळते. माहिती नसलेल्याला वाटेल की यंत्रात बिघाड झाला! म्हणून मुद्रित वादन ऐकताना कोण केव्हा जातो याचा क्रम आधी ठाऊक असावा. मुलांना तो कागदावर लिहून द्यावा आणि एकेक वाद्य थांबले की त्यावर रेघ मारावयास सांगावे. शब्दांविना संगीत समजत नाही असे म्हणणारी मुलेही या शेवटच्या सातआठ मिनिटांत हलत नाहीत.

मुद्रणांपैकी एकाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. बुडापेस्टच्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेले संगीतसंचालक अंताल दोराती (१९०६–१९८८) यांनी १९६९ ते १९७२ या काळात डेक्का कंपनीसाठी हायडनच्या सिम्फनींचा जवळजवळ संपूर्ण संच मुद्रित केला. वाजविणारा वृंद होता ‘फिलहार्मोनिया हंगारिका’. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर हंगेरी सोडून पळालेल्या वादकांनी तो उभा केला होता आणि जर्मनीतील मार्ल या गावी त्याने आसरा घेतला होता. घराच्या ओढीने लिहिलेली सिम्फनी घर गमावलेल्यांनी वाजविली. त्यांच्या मायदेशातच हायडनने ती रचली होती. २००१ साली हा वृंद बंद झाला, पण त्याचे वादन आज कोणालाही ऐकता येते. मुद्रणाचे हे मोल मोठे आहे: माणसे पांगली तरी स्वर राहतात.

असे निर्वासित वादक आपल्या मुंबईनेही पाहिले आहेत. कार्ल्सबाड येथे जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कौफमन १९३४ साली युरोपातील वाढत्या संकटामुळे मुंबईस आले. त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली आणि विलिंग्डन जिमखान्यावर दर गुरुवारी मैफली भरविल्या. त्यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवीत मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील; त्यांनी १९३५ साली ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. कौफमन पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ साली त्यांनी भारत सोडला. आकाशवाणीचे प्रसारण सुरू होण्यापूर्वी वाजणारी जी धून ऐकत आपल्या वडीलधाऱ्यांनी चहाचे आधण ठेवले, ती याच गृहस्थांची रचना. सिम्फनीवाल्यांना आपण परके म्हणतो. त्यांतल्या एकाने आपल्या घरातली सकाळ सुरू केली होती.

अमिरातीत आता असे संगीत समोर बसून ऐकण्याची सोय झाली आहे. अबू धाबीच्या एमिरेट्स पॅलेसमधील सभागृहात २०१० साली सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिक वाजून गेला. धाऊच्या आकाराचे दुबई ऑपेरा २०१६ च्या ऑगस्टमध्ये उघडले. २०२२ च्या डिसेंबरात लाहाव शानी यांच्यासह इस्रायल फिलहार्मोनिक अबू धाबीस आला. १९३६ साली ब्रोनिस्लाव ह्युबरमान यांनी युरोपातील संकटग्रस्त ज्यू वादकांना गोळा करून हाच वृंद उभा केला होता आणि १९७७ पासून २०१९ पर्यंत मुंबईचे झुबिन मेहता त्याचे संगीतप्रमुख होते. कोठून कोठे हा प्रवास!

सभागृहातील तिकीट प्रत्येकाला परवडेल असे नाही. ‘निरोपाची सिम्फनी’ ज्यांच्यासाठी लिहिली गेली, त्यांचे आजचे भाऊबंद तर सहसा त्या सभागृहात नसतातच. आखाती बोलीत एक चमत्कारिक शब्द रूढ आहे: ‘बॅचलर’. लग्न झालेला, दोन मुलांचा बापही येथे एकटा राहत असला तर बॅचलरच. कुटुंबाचा व्हिसा मिळण्यास पगाराची अट असते; ती पुरी झाली तरी घरभाडे आणि शाळेची फी यांचा मेळ बसत नाही. मग एका खोलीत चारसहा जण राहतात आणि मुले मोबाइलच्या पडद्यावर मोठी होतात. एस्टरहाझा येथील हुकूम आणि ही परिस्थिती यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. दुःखात फारसे नाही.

आता त्या सुटीकडे वळू. हायडन आणि तोमासिनी यांना हुकूम लागू नव्हता. त्यांना कुटुंब जवळ ठेवण्याची परवानगी होती. त्यांनी गप्प राहिले असते तरी चालले असते. तरीही गाऱ्हाणे मांडले ते हायडनने, आणि बाकी सारे निघून गेल्यावर शेवटच्या स्वरापर्यंत बसून राहिले ते हेच दोघे. ज्यांना सवलत होती, त्यांनी ज्यांना नव्हती त्यांच्यासाठी वाजविले. या सिम्फनीचा खरा अर्थ मला येथे दिसतो.

आपल्यापैकी ज्यांची कुटुंबे येथे आहेत, ते या दोघांच्या जागी आहेत. दिवे एकेक करून विझताना काय होते हे आपल्या समाजाइतके कोणाला माहीत असणार? १९४८ नंतर कोकणातील आणि मुंबईतील घरे एकामागून एक रिकामी झाली. जेथे प्रार्थनेला दाटी होत असे, तेथे दहा माणसांचे मिनियान जमविण्यासाठी निरोप धाडावे लागू लागले. मिनियान तबकडीवर जमत नाही. त्यासाठी माणसेच यावी लागतात.

म्हणून एक साधी सूचना. शब्बाथ संपल्यावर एखाद्या संध्याकाळी आपल्या ओळखीच्या एकट्या राहणाऱ्या बांधवाला, मग तो आपल्या समाजाचा असो वा शेजारच्या इमारतीतला रत्नागिरीचा वा सोलापूरचा, घरी जेवावयास बोलवावे. जेवण झाल्यावर ही सिम्फनी लावावी; सारी मिळून पाऊण तासाच्या आतच संपते. तिची हकीकत मुलांकडून सांगवावी. आणि शेवटची दोन व्हायोलिने थांबली की पाहुण्याच्या हाती फोन द्यावा, म्हणजे त्याला आपल्या घरच्यांशी बोलता येईल.