‘झुंड’ : कुमारवयीन खेळाडूच्या जडणघडणीचे चित्रण

प्रस्तावना :
बालपण ओलांडून प्रौढत्वाकडे जाणाऱ्या व्यक्तीच्या जडणघडणीची कथा हा साहित्यात व चित्रपटात स्वतंत्र प्रकार मानला जातो. क्रीडाविषयक चित्रपटांत तो विशेषत्वाने आढळतो. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट नागपूरच्या झोपडपट्टीत घडतो. प्रस्तुत लेखात त्यातील संघर्षाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

विवेचन :
तुलनेसाठी ‘सोल सर्फर’ (२०११) हा अमेरिकन चित्रपट घेता येईल. तो बेथनी हॅमिल्टन या लाटांवर स्वार होणाऱ्या कुमारवयीन खेळाडूच्या जीवनावर आधारित आहे. २००३ मध्ये हवाई बेटांवर, वयाच्या १३ व्या वर्षी, शार्कच्या हल्ल्यात तिने डावा हात गमावला. तरीही ती स्पर्धेत परतली. तिच्यापुढील अडथळा निसर्गाचा व शरीराचा होता. कुटुंब, साधने आणि समाजमान्यता तिच्या पाठीशी होती.

‘झुंड’मधील मुलांजवळ नेमके हेच नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून वस्तीतील मुलांसाठी फुटबॉलचे कार्य सुरू केले. त्यांच्यावर बेतलेली विजय बोराडे ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे. मुलांच्या भूमिकांत प्रामुख्याने नागपुरातील नवखे कलावंत आहेत. त्यांपैकी अंकुश गेडाम यांनी साकारलेला ‘डॉन’ हा कथेचा केंद्रबिंदू होय.

डॉनजवळ खेळाचे कौशल्य उपजतच आहे. परंतु कौशल्य असणे आणि संधी मिळणे यांत मोठे अंतर असते. म्हणूनच चित्रपटाचा शेवट मैदानावरील विजयाने होत नाही. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेसाठी परदेशी जायचे, तर पासपोर्ट हवा; पासपोर्टसाठी ओळखीचे पुरावे हवेत. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या मोनिकाला स्वतःचे अस्तित्व कागदावर सिद्ध करण्यासाठी वणवण करावी लागते, तर डॉनला पोलिसांतील नोंद आडवी येते. त्याचे प्रौढ होणे म्हणजे हिंसेची सवय टाकून स्वतःकडे नव्याने पाहणे होय.

निष्कर्ष :
महाविद्यालय व वस्ती यांमधील भिंत हे या चित्रपटातील अर्थपूर्ण प्रतीक आहे. भिंतीपलीकडची गुणवत्ता प्रवेशअर्ज घेऊन येत नाही. ती शोधावी लागते. बोराडे हे स्वतः अध्यापक आहेत, ही बाब म्हणूनच महत्त्वाची ठरते. गुणवत्ता ओळखण्याबरोबरच तिच्या वाटेतील कागदोपत्री व सामाजिक अडथळे दूर करणे हेही अध्यापकाचे कर्तव्य आहे, असे या चित्रपटावरून म्हणता येते.