इतवारीत आधी कुठली ओळ खोदायची?

मंडळी, 'बिझनेस इंटेलिजन्स' हा शब्द ऐकायला जड आहे. पण इतवारीतला ठोक व्यापारी रात्री वही उघडून बसतो तेव्हा तेच करतो. आवक किती, जावक किती, तूट कशात? त्यावर उद्याची खरेदी ठरते. आता हीच वही आपण पाण्याची धरू.

नागपूरचं पाणी पेंच जलाशयातून आणि कन्हान नदीतून येतं. २०१२ पासून महापालिकेनं पुरवठ्याचं काम २५ वर्षांच्या करारानं ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे दिलंय. समजा, एका जलकुंभातून १०० लिटर सुटले आणि बिलं ६० लिटरचीच झाली. मग उरलेले ४० लिटर जमिनीत मुरले का? सगळे नाही. काही गळाले, काही चोरीला गेले, काही ठिकाणी जुनं मीटर कमी मोजतं. खोदकाम लागतं ते मुख्यतः गळतीला. आणि किराणा ओळीत खोदकाम म्हणजे हमाल, हातगाड्या, उधारीवरचा धंदा, सगळं ठप्प! चुकीची ओळ खोदली तर भरपाई कोण देणार?

म्हणून रात्री दोन ते चारचा आकडा बघायचा. व्हॉल्व्ह लावून भाग वेगळा करायचा, पाणी आत येतं तिथे एकच मोठं मीटर. बाजार बंद, माणसं झोपलेली, तरी मीटर पळतंय म्हणजे गळतीचा संशय.

पण थांबा. इथे दुकानांवर घरं आहेत, गच्चीवर टाक्या आहेत, आणि चोवीस तास दाब नसेल तिथे त्या रात्रीच भरतात. तो प्रवाहही गळतीसारखाच दिसतो. फरक एवढाच, की टाकी भरली की प्रवाह उतरतो. गळती पहाटेपर्यंत एकसारखी चालते. म्हणून एका रात्रीवर भरवसा नको. चार-पाच रात्री बघून मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. ज्या ओळीला आकडा धाडकन पडला, तिथे कान लावायचा.

तक्रारींचा नकाशा आम्हाला त्यामानानं कच्चा वाटतो. दुकानदार लगेच फोन करतो. माडीवरचा भाडेकरू, ज्याच्या नावावर नळच नाही, तो बादली घेऊन शेजारी जातो. नकाशावर त्याची ओळ कोरी दिसते. तक्रार एकही नाही आणि रात्रीचं मीटर मात्र पळतंय, अशी ओळ सापडली तर माणूस आधी तिथे पाठवावा.