विश्लेषण : ‘रॅप पार्टी’ म्हणजे काय? केक कापण्याआधी हिशेब का महत्त्वाचा?

सिनेमाचे चित्रीकरण संपले की केक कापतानाचे फोटो समाजमाध्यमांवर येतात. कलाकार एकमेकांना मिठ्या मारतात, दिग्दर्शक सगळ्यांचे आभार मानतो. हीच ‘रॅप पार्टी’. मकरंद अनासपुरे, संदीप पाठक यांच्यासारखे कलाकार देणाऱ्या बीड जिल्ह्यातील तरुणांनाही कॅमेऱ्याचे आकर्षण आहे. पण युनिटच्या गाड्या गावाबाहेर पडण्याआधी काय पूर्ण व्हायला हवे, हे त्या फोटोंत दिसत नाही.

‘पॅकअप’ आणि ‘रॅप’ एकच का?

नाही. ‘पॅकअप’ म्हणजे त्या दिवसाचे काम थांबले. ‘रॅप’ म्हणजे संपूर्ण चित्रीकरण संपले. एखाद्या कलाकाराचे काम आधी संपले तर त्याच्यापुरता ‘रॅप’ जाहीर होतो आणि सेटवर टाळ्या वाजतात. हॉलिवूडमध्ये दिवसाच्या शेवटच्या शॉटला ‘मार्टिनी शॉट’ म्हणतात, कारण त्यानंतरचा ‘शॉट’ थेट पेल्यात!

पार्टी कशासाठी?

स्पॉटबॉय, लाइटमन, मेकअपमन, ड्रेसमन अशा अनेकांसाठी हा त्या सिनेमातील शेवटचा दिवस असतो. पुढचे संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत मोजक्या लोकांच्या हाती असते. त्यामुळे ही पार्टी खरे तर निरोप समारंभ असते. एकत्र जेवणाचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वेळी युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत असत.

शेवटचा शॉट झाला की काम संपले?

लगेच नाही. कॅमेऱ्यातील मेमरी कार्डांवरचे फुटेज किमान दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून तपासले जाते. त्यानंतरच कार्ड पुसायचे, हा नियम. एखादा शॉट राहिला किंवा बिघडला तर ‘पॅचवर्क’ करावे लागते. म्हणून कलाकाराला दाढी किंवा केस कापण्याची घाई करता येत नाही. सेटही खात्री झाल्यावरच मोडतात.

गावाचा हिशेब कोणता?

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकरांना ‘उचल’ आणि हंगामाअखेरचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तोंडी व्यवहारात कोण अडकते, हेही त्यांना ठाऊक आहे. चित्रीकरणातही तेच. गर्दीतील कलाकारांचा रोज, वाड्याचे भाडे, बैलगाडीचे पैसे, जेवणाचे बिल, तुडवलेल्या पिकाची भरपाई अशी देणी गावात तयार होतात. युनिट एकदा मुंबई-पुण्याला परतले की फोन उचलणारा माणूसही बदलतो. ‘मॅनेजर आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे’, हे उत्तर मग ऐकावे लागते.

कायदा काय सांगतो?

लेखी कराराशिवाय सिनेकामगाराला कामावर ठेवण्यास १९८१ च्या सिनेकामगार कायद्याने मनाई केली. २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही दृक्श्राव्य कामगारांसाठी कराराची तरतूद आहे.

स्थानिकांनी काय काळजी घ्यावी?

• काम, दिवस, तास आणि रक्कम आधीच लिहून घ्यावी. निदान व्हॉट्सॲप संदेश तरी हवा.
• निर्मिती संस्थेचे नाव व पत्ता घ्यावा. फक्त मॅनेजरचा मोबाइल क्रमांक पुरेसा नाही.
• घर किंवा शेत देण्यापूर्वी आणि नंतर तारखेसह फोटो काढावेत.
• रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी मागावेत. उरलेला हिशेब शेवटच्या पॅकअपच्या आत पूर्ण करावा.

निर्मात्यासाठीही हे फायद्याचे आहे. ज्या गावात देणी चुकती होतात, तिथे पुढच्या सिनेमासाठी वाड्याचे दार लवकर उघडते. जिथे थकतात, तिथे पुढच्या युनिटला आगाऊ पैसे मोजावे लागतात, मग ते कितीही प्रामाणिक असो.