त्राटिकेचे शेवटचे भाषण

पेडण्याकडचे दशावतार आणि डिचोलीकडची जत्रेतील नाटके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस लुगडे नेसून पतिव्रता झालेला पुरुष नवा नाही. बाईची नम्रता हा रंगभूमीवर वेष असतो, हे आपण जाणतो. एका गाजलेल्या मराठी सुखान्त नाटकाचे मर्म यातच आहे.

फर्ग्युसन कॉलेजचे प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपीअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे ‘त्राटिका’ हे रूपांतर केले. शाहूनगरवासी मंडळीच्या प्रयोगांत गणपतराव जोशी प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग त्राटिका होत. तिखट जिभेच्या मुलीला नवरा वठणीवर आणतो, एवढेच कथानक पुष्कळांच्या लक्षात राहिले.

मूळ नाटकाचा आरंभ मात्र विचारात घेण्याजोगा आहे. एका झिंगलेल्या कासाराला उमराव बनविण्याची थट्टा चालते, आणि एक पोरगा स्त्रीवेष घेऊन त्याची आज्ञाधारक पत्नी होतो. पुढे नायिकेला उपाशी ठेवले जाते, झोपू दिले जात नाही. माहेरच्या वाटेवर नवरा भर दिवसा सूर्याला चंद्र म्हणतो. तीही म्हणते, आणि तेथून प्रवास सुरळीत होतो. शेवटी कोणाची बायको हाकेसरशी येते, अशी तीन नवऱ्यांची पैज लागते. तीच येते, आणि पतिसेवेवर ४४ ओळींचे भाषण करते. नाटकातील सर्वांत मोठे भाषण ते हेच. सारे पुरुष गप्प बसून ऐकतात.

ती खरोखर नमली, की नमण्याचे सोंग घेऊन सभा जिंकली? दोन्ही अर्थांनी प्रयोग झाले आहेत. शेक्सपीअरच्या हयातीतच जॉन फ्लेचर याने याला जोडनाटक लिहिले. त्यात दुसरी बायको याच नवऱ्याला वठणीवर आणते.

सोंग हे शहाणपण खरे. परंतु ज्याला उघड बोलण्याची सोय नसते, त्याचे. घरोघरी ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणत संसार चालविणाऱ्या आयाआज्या आपण पाहिल्या. त्यांच्या चातुर्याचे कौतुक करताना ते त्यांना का लागले, हेही विचारावे.

गोव्यात तर कायदा स्त्रीच्या बाजूने आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते; घर किंवा भाट विकावयाचे तर पत्नीची संमती लागते. पण ‘येथे सही कर’ म्हटल्यावर कागद न वाचता केलेली सही आणि दिवसा चंद्र म्हणणे यांत अंतर थोडेच. आपल्या कुटुंबांतून तो कागद आधी तिच्यापुढे वाचला जावा, आणि तिने ‘नाही’ म्हटले तर तिला कोणी त्राटिका म्हणू नये.