जोडण्याआधी व्होल्ट मोजा

मंडळी, आधी गेल्या हंगामातली एक गोष्ट सांगतो. आपल्या एका सभासदाची फायबरची होडी रात्री जाळी टाकून थांबली होती. पहाटे तीनच्या सुमारास काठीवरचा पांढरा दिवा विझला, फिशफाइंडरही बंद पडला. होडीत नवं कोरं पॉवर स्टेशन होतं. दिवसभर दोन सोलर पॅनल लावून ते किनाऱ्यावर चार्जला ठेवलेलं. तरी रात्री काळोख! त्याच वेळी एक ट्रॉलर सरळ होडीच्या दिशेने येताना दिसला. खिशातली टॉर्च हलवली, सगळे ओरडले, आणि ट्रॉलरवाल्याने अगदी जवळ आल्यावर सुकाणू फिरवलं. म्हणून माणसं घरी आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पॉवर स्टेशन सोसायटीच्या टेबलावर ठेवून तपासलं. पॅनल चांगले, वायर चांगली. चूक फक्त जोडणीची. यंत्राच्या पाठीवर स्पष्ट छापलेलं होतं, इनपुट १२ ते २८ व्होल्ट. आणि पॅनल असे जोडलेले की आत ४४ व्होल्ट जात होते. चार्जिंगचा भाग जळून गेला होता. आधीचा थोडा चार्ज शिल्लक होता, तेवढ्यावर पहाटे तीनपर्यंत दिवा चालला. दुकानात त्यांना एवढंच सांगितलं होतं की पॅनल जितके जास्त तितकं लवकर चार्ज होतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आज सांगतो.

दोराचं उदाहरण घ्या

दोन दोर टोकाला टोक बांधले तर दोर लांब होतो, जाड होत नाही. तेच दोर शेजारी-शेजारी धरले तर जाड होतात, लांब होत नाहीत. पॅनलचंही तसंच. एका पॅनलचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडला की ती सिरीज. यात व्होल्टची बेरीज होते, अँपिअर तेवढेच राहतात. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडला की ते पॅरलल. यात व्होल्ट तेवढेच, अँपिअरची बेरीज.

१०० वॅटच्या साध्या पॅनलच्या मागे लेबल असतं. त्यावर व्हीओसी म्हणून साधारण २२ व्होल्ट लिहिलेले असतात. काही न जोडता, नुसतं उन्हात ठेवल्यावर पॅनल एवढे व्होल्ट देतो. अँपिअर साधारण ६. असे दोन पॅनल सिरीजमध्ये जोडले तर ४४ व्होल्ट, ६ अँपिअर. पॅरललमध्ये २२ व्होल्ट, १२ अँपिअर. वॅट दोन्हीकडे सारखेच.

आता आपल्या पॉवर स्टेशनवरचा इनपुटचा आकडा बघा. लहान यंत्रांवर बहुधा २८-३० व्होल्टच्या आसपासची मर्यादा असते. तिथे दोन पॅनल सिरीजमध्ये चालणारच नाहीत. मोठ्या यंत्रांवर बऱ्याचदा ६० व्होल्ट असतात. तिथे दोन चालतात, पण तिसरा जोडला की ६६ होतात. थंडीत सकाळच्या गार उन्हात व्होल्ट लेबलपेक्षाही थोडे चढतात, म्हणून मर्यादेला अगदी चिकटून जोडणी करू नका.

अँपिअरचं मात्र तसं नाही. व्होल्ट मर्यादेत असले तर चांगलं यंत्र त्याला हवे तेवढेच अँपिअर ओढतं. पॅनल जास्तीचे असले तर ती वीज वाया जाते, यंत्र जळत नाही. पण जास्त अँपिअर सोसतील अशी वायर आणि जोड मात्र हवेत.

होडीवर काय बरं?

दोन पॅनल असतील तर आम्ही पॅरलल सुचवतो. कारण सावली. होडीवर काठीची, दोराची, वाळत घातलेल्या जाळ्याची, माणसाची सावली पडतेच. सिरीजमध्ये एका पॅनलवर सावली पडली की दोघांचीही वीज घटते. पॅरललमध्ये ज्याच्यावर सावली पडली त्याचंच नुकसान होतं.

पॅरललसाठी वाय आकाराचे तयार जोड मिळतात, तेच वापरा. वायर सोलून पिळून चिकटपट्टी लावण्याचे दिवस गेले. खारं पाणी तांब्यात शिरलं की दोन महिन्यांत ती हिरवी पडते. कथील चढवलेल्या तांब्याची वायर मिळाली तर उत्तम. दोन्ही पॅनल एकसारखेच घ्या. तीन किंवा जास्त पॅनल पॅरलल करायचे असतील तर प्रत्येकाला लेबलवर दिलेला फ्यूज लावा.

वायरच्या लांबीकडेही लक्ष द्या. पॅनल वाळूत आणि यंत्र १० मीटरवर शेडमध्ये असेल तर जाऊन-येऊन २० मीटर वायर होते. पॅरललच्या १२ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरची वायर असली तरी सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. बारीक वायरीत त्याहून जास्त. शक्यतो यंत्र पॅनलजवळ सावलीत ठेवा, वायर आखूड ठेवा.

जोडताना क्रम असा ठेवा

१. पॅनलवर ताडपत्री टाका. उन्हात चालू वायर ओढून काढली की ठिणगी पडते.

२. आधी पॅनलची आपसातली जोडणी करा. यंत्राला अजून हात लावू नका.

३. ताडपत्री काढा आणि साध्या मल्टीमीटरने डीसी व्होल्ट मोजा. आकडा यंत्राच्या मर्यादेत हवा. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर प्लस-मायनस उलटे आहेत. वायरच्या रंगावर विसंबू नका, मीटरवर विश्वास ठेवा.

४. पुन्हा ताडपत्री टाका, यंत्राला जोडा, मग उघडा. पडद्यावर किती वॅट आत येतात ते बघितल्याशिवाय जागा सोडू नका. आपल्या सभासदाने हे एकदा बघितलं असतं तर ती रात्र आलीच नसती.

किती वीज लागते?

५ वॅटचा एलईडी दिवा १० तास चालला तर ५० वॅट-तास. १२ वॅटचा फिशफाइंडर ८ तास म्हणजे ९६. दोन मोबाइल धरा ३०. एकूण पावणेदोनशेच्या घरात. १०० वॅटचा पॅनल प्रत्यक्षात ६०-७० वॅटच देतो. चांगलं ऊन पाच तास मिळालं तर ३०० वॅट-तास सुटतात. म्हणजे एक पॅनलही पुरतो, दुसरा ढगाळ दिवसासाठी.

आणखी चार गोष्टी

पॅनल पावसात चालतो म्हणून पॉवर स्टेशन चालेल असं नाही. बहुतेक यंत्रं पाण्यात टिकत नाहीत. ते पेट्रोल-रॉकेलच्या डब्यापासून लांब ठेवा. कडक उन्हात बंद पेटीत कोंडू नका. पॅनलवर मिठाचा थर बसला की गोड्या पाण्याने धुवा.

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत ट्रॉलरवरचं यंत्र घरी आणाल, तेव्हा ते पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं ठेवू नका. निम्म्याहून थोडं जास्त चार्ज ठेवा आणि महिन्यातून एकदा तपासा.

शेवटी एकच विनंती. सोलर कितीही चांगला असला तरी वेगळ्या सेलवर चालणारी टॉर्च प्रत्येक होडीत हवीच. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ नंबर आणि व्हीएचएफवर १६ नंबरचं चॅनल लक्षात असू द्या. पॅनल नवीन घेतला असेल तर जोडायच्या आधी यंत्रासकट सोसायटीत घेऊन या. मीटर आमच्याकडे आहे, मोजायला पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. घरातल्या बायकांनीही या, कारण दिवसा चार्जिंगवर लक्ष बहुधा त्यांचंच असतं.

ज्यांच्या होडीवर पॅनल आहे त्यांना हे वाचून दाखवा.