चार बोलींचा माणूस

जर्मनीला किंवा जपानला निघालेल्या अभियंत्याला तिथे कसे वागावे, समोरच्याचा नकार कसा ओळखावा, हे शिकवणारे प्रशिक्षक आता पुण्या-मुंबईत सहज मिळतात. चांदसैली घाट चढून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला बदलीवर जाणाऱ्या शिक्षकाला, डॉक्टरला किंवा तलाठ्याला मात्र अशा कोणाची गरज असेल, हे आपल्या मनातही येत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सहाच तालुक्यांचा आहे. तरी धडगावकडे पावरी, नवापुरात मावची, अक्कलकुवा-तळोद्यात भिलीची निरनिराळी रूपे, बाजारात अहिराणी, शहाद्याच्या शेतकरी घरांत गुजरी, सीमेवर गुजराती आणि कचेरीत प्रमाण मराठी अशी त्याची भाषिक घडण आहे. २०११च्या जनगणनेनुसार इथल्या दर दहा माणसांतली जवळपास सात आदिवासी आहेत. अशा मुलखात एका समाजाचे मन दुसऱ्याला समजावून देणारा माणूस ही चैन नसून रोजची गरज आहे. तो घडतो कसा? माझ्या मते तो पदवीने घडत नाही आणि नुसत्या भटकंतीनेही घडत नाही. अनेक कामांनी तो घडतो खरा, पण त्या कामांनी त्याला कधीतरी न जाणणाऱ्याच्या, शिकणाऱ्याच्या जागी बसवलेले असावे लागते.

शेजारच्या गुजरातमधल्या पंचमहालात काम केलेल्या ठक्करबाप्पांचे उदाहरण पाहावे. अमृतलाल ठक्कर पुण्यात अभियांत्रिकी शिकले. पुढे त्यांनी संस्थानांत नोकऱ्या केल्या, युगांडा रेल्वेच्या बांधकामावर आफ्रिकेत राहिले, सांगली संस्थानात आणि नंतर मुंबई महापालिकेत अभियंता झाले. १९१४ मध्ये नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात गेले आणि १९२२ च्या सुमारास दाहोदला भिल्ल सेवा मंडळ उभे राहिले. या प्रवासातला निर्णायक टप्पा आफ्रिकेचा नव्हता, मुंबईचा होता. तिथे सफाई कामगारांच्या वस्त्यांशी त्यांचा संबंध आला आणि रस्ते-गटारांच्या हिशेबामागची माणसे त्यांना दिसली. आफ्रिकेत काम करून परतलेले लोक त्या काळी पुष्कळ होते, ते सगळे ठक्करबाप्पा झाले नाहीत. अनुभवांची यादी लांब असणे एवढ्याने काही साधत नाही. त्या अनुभवांनी माणसाची आधीची खात्री ढिली केली की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

यावर पहिला आक्षेप असा की परक्या समाजात मिसळण्याची कला सत्तेच्याही कामी येते. आक्षेप खरा आहे आणि त्याचा पुरावा खानदेशातच आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रॅम या तरुण इंग्रज अधिकाऱ्याकडे भिल्ल पलटण उभी करण्याचे काम आले. तो भिल्लांमध्ये राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांचा विश्वास मिळवला आणि धरणगावची पलटण उभी राहिली. दोन संस्कृतींतले अंतर त्याने निश्चित कापले, पण एकाच दिशेने. भिल्लांचा शिपाई झाला, भिल्लांची बाजू मात्र राज्यकर्त्यांच्या निर्णयांत उतरली नाही. म्हणून मार्गदर्शकाची पारख त्याच्या मिसळण्यावरून करू नये. त्याच्या येण्याने दोन्हीकडची माणसे बदलली का, हे विचारावे.

ही कसोटी शहाद्याच्या आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीला लावून पाहता येते. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या मुळाशी असलेले अंबरसिंग सुरतवंती स्वतः भिल्ल होते आणि सर्वोदयाच्या कामातून आले होते. सालदाराचे, म्हणजे सालाने बांधलेल्या शेतगड्याचे, दुःख त्यांना जवळून ठाऊक होते आणि संस्थेची, सभेची भाषा त्यांनी बाहेर आत्मसात केली होती. त्यांच्या जोडीला शहरांतून तरुण आले. मुंबईच्या आयआयटीतून अभियंता झालेले कुमार शिराळकर हे त्यांतलेच. जमीन, मजुरी आणि कायदा यांचे नाते शहरी तरुणांनी समजावले. सालदारकी म्हणजे काय, शिबिरातल्या स्त्रिया दारूच्या भट्ट्यांवर का चालून जातात, हे त्यांना गावाने शिकवले. देवाणघेवाण दुहेरी होती. तरीही त्याच चळवळीतले कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत, आदिवासींच्या वतीने बोलत राहणाऱ्या पुढाऱ्यांवर बोट ठेवले. १९८७ मध्ये त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. सहृदय मध्यस्थही दुसऱ्याची बोलण्याची जागा अडवून बसू शकतो, हा त्या कवितेचा इशारा प्रत्येक प्रशिक्षकाने गाठीशी बांधावा. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी नव्वदच्या दशकात या इशाऱ्याला कृतीने उत्तर दिले. तिथे गावातलेच तरुण शिक्षक झाले आणि मुलांच्या बोलीला वर्गात जागा मिळाली.

मग जन्माने त्या समाजाचा असणे पुरेसे नाही का, हा दुसरा आक्षेप. डॉ. राजेंद्र भारूड यांच्या वाटचालीतून त्याचे उत्तर मिळते. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातला हा मुलगा नवोदय विद्यालयात शिकला, मुंबईत डॉक्टर झाला आणि सनदी सेवेत आला. ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना कोविडच्या २०२१ च्या लाटेत, देशभर प्राणवायूसाठी धावाधाव चालू होती तेव्हा, या जिल्ह्याने आधीच उभारलेले प्राणवायू प्रकल्प कामी आले. केवळ भिल्ल असण्याने ही दूरदृष्टी येत नाही, केवळ डॉक्टर असण्याने किंवा केवळ अधिकारी असण्यानेही नाही. पाड्यापासून मोठे रुग्णालय किती लांब असते हे जाणणारा, रुग्णाचा श्वास ओळखणारा आणि निधी मंजूर करण्याचा अधिकार असलेला असे तिघे एका माणसात एकत्र आले होते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. अशी आयुष्ये मागवून मिळत नाहीत, तेव्हा दोन दिवसांच्या कार्यशाळेवरच भागवावे लागेल. कार्यशाळा जरूर घ्यावी. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत आरोग्य शिबिर ठेवू नये, एवढे तिथे नक्की शिकवता येईल. पण शिकवणार कोण? या जिल्ह्यातून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन गुजरातच्या ऊसपट्ट्यात तोडणीला जातात. ती घरी मावची किंवा भिली, बाजारात अहिराणी, फडावर गुजराती आणि दाखल्यासाठी कचेरीत मराठी बोलतात. मालक, मुकादम, डॉक्टर, शिपाई अशा प्रत्येकाशी वेगळ्या रीतीने वागणे त्यांना पोटासाठी शिकावे लागते. विविधतेने भरलेल्या आयुष्यातून आलेले ज्ञान म्हणायचे तर जिल्ह्यातला त्याचा सर्वांत मोठा साठा इथे आहे, आणि त्याला आपण स्थलांतर हे एकच नाव देऊन मोकळे होतो.

म्हणून शासनाला, महाविद्यालयांना आणि स्वयंसेवी संस्थांना एक विनंती आहे. नंदुरबारला नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचे, डॉक्टरचे आणि अधिकाऱ्याचे पहिले प्रशिक्षण अशा माणसांच्या हाती द्यावे. ऊसतोडीहून परतलेली बाई, अंगणवाडी सेविका, जीवनशाळेत शिकून मोठा झालेला तरुण यांना रीतसर मानधन देऊन व्यासपीठावर बसवावे आणि साहेबांनी समोर बसून ऐकावे. शिकवण्याची ही उलटी वाट धरल्याशिवाय या जिल्ह्यातले अंतर मिटणार नाही.